गार पाण्याची बादली

जुन्या लष्करी ट्रकचा मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणारा बिडाचा नळ, मेकॅनिकताईंनी दोन आठवडे खपून सांधला. ट्रक संग्रहालयात जाण्याआधी त्याचा म्हातारा ड्रायव्हर भेटायला आला. त्याचे साहेब काठी टेकत मागून येत होते.

"कुणा शहाण्याने तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतलं होतं," ताई म्हणाल्या. "त्याशिवाय बीड असं तडकत नाही."

"तो शहाणा मीच," म्हातारा हळूच म्हणाला. "लढाईत पुढच्या पुलावर सुरुंग आहेत, असं मी जीव तोडून सांगत होतो. साहेब ऐकेनात, गाडीत जाऊन बसलेसुद्धा. मग ओतली बादली. सुरुंग निघाले की हो नंतर तिथे."

"साहेबांना सांगितलं नाहीत?"

"तेव्हा सांगितलं असतं तर तुरुंगात गेलो असतो. आता या वयात त्यांच्या जिवाला कशाला घोर?"

तेवढ्यात साहेब येऊन पोचले.

 

"ताई, ह्याला गाडीला हात लावू देऊ नका. ह्याच्या हलगर्जीपणामुळे ही ऐन वेळी बंद पडली होती. मी सांभाळून घेतलं, म्हणून वाचला हा."