काल्याच्या दिवशीचं अत्तर

या मायबापहो, जरा पुढं सरकून बसा. ही गोष्ट मोठ्यानं सांगायची नाही. एका अत्तराची आहे, आणि आरती व्हायच्या आत संपेल.

वडनेरच्या देवळात सप्ताहाचा शेवटचा दिवस. सकाळचे दहा. काल्याचं कीर्तन उभं राहायचं होतं. बुवा पागोटं बांधत होते, आणि बायकांच्या रांगेत मोहिनी एकेकीच्या मनगटाला अत्तर लावत चालली होती. ही बबनरावांची सून. वर्ध्याजवळ सिंदी मेघेला राहते, शाळेत शिकवते, सणावारी गावी येते. दरवर्षीच्या केवड्यानं म्हाताऱ्यांची डोकी दुखतात, म्हणून यंदा तिनं वर्ध्याची पाच दुकानं पालथी घातली होती. फूल नको, ताजं हिरवं पान हवं, असं ती सांगायची आणि दुकानदार मोगरा पुढं करायचा. पाचव्या दुकानात एक बारकी कुपी उघडली, आणि कोणी नुकतीच फांदी मोडावी तसा वास आला.

बायकांना मोठी मजा वाटत होती. लीलाबाईनं मनगट हुंगलं आणि म्हणाली, "मास्तरीणबाई, घरी जातानी बकऱ्या लागतीन माह्या मांगं." रांगभर हसू गेलं.

शेवटी धुरपताबाई, मोहिनीची सासू. सुनेच्या कौतुकानं तिनं आपणहून हात पुढं केला. मोहिनीनं फाया टेकवला. धुरपताबाईनं मनगट नाकाशी नेलं.

आणि ती गुडघ्यांवर कोसळली. दोन्ही हात डोक्यावर, कपाळ फरशीला. अंग थरथरत होतं आणि तोंडातून एकच शब्द येत होता, पानं, पानं.

देवी आली अंगात, कोणीतरी म्हणालं. बायका सरकून बसल्या, हात जोडले गेले. लीलाबाईनं कुंकवाचा करंडा आणवला. कोणती पानं पाहिजे माय, म्हणून विचारणं झालं. देवीला कडुलिंब, हे काय कोणाला सांगायचं? एक बाई धावत अंगणात गेली आणि हातभर लांब डहाळी मोडून घेऊन आली.

धुरपताबाईनं डोकं उचललं. डहाळी पाहिली. मग ती अगदी स्पष्ट बोलली, लेकराला समजवावं तसं.

"तिची पानं नका काढू. पानं असली का मार कमी लागते."

डहाळी आणणारी बाई होती तिथंच थांबली.

बबनराव पुरुषांच्या बाजूनं उठले. पंचवीस वर्षं पहिल्या टाळाचा मान त्यांचा. आले ते हसतच आले. उपाशी पोटी होते असं तिले, घरी नेतो, म्हणाले. तिच्या अंबाड्याला धरून ओढलं. ती उठली नाही.

"कोणाले सांगून राह्यली तू?" त्यांनी विचारलं.

बाईच्या हातातली डहाळी त्यांनी काढून घेतली. बुडखा उजव्या हातात, आणि डाव्या मुठीनं शेंड्यापर्यंत एकच ओढ. सगळी पानं फरशीवर. हाताकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. तोच हिरवा वास साऱ्या मंडपात पसरला.

पहिला फटका मानेवर बसला, दुसरा पाठीवर. चोळी फाटली. फाटलेल्या जागी आधीचे वळ होते, आडवे, एकावर एक. मोहिनी मध्ये पडली आणि तिसरा फटका तिनं तोंडावर घेतला. भुवई फुटून रक्त डोळ्यात उतरलं. साठ माणसं बसली होती. बुवांच्या हातात पागोट्याचं टोक तसंच राहिलं. चौथ्या फटक्याला डहाळी मोडली, तेव्हा बबनरावांनी लाथ उचलली.

देवापुढं अण्णाजी वीणा घेऊन उभे होते. सत्तरीचा माणूस. सात दिवस आणि सात रात्री ती वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात गेली होती. जमिनीला तिचा स्पर्श नाही, तसा नेमच आहे. अण्णाजींनी ती गळ्यातून काढली. घ्यायला कोणी पुढं आलं नाही. त्यांनी ती फरशीवर ठेवली आणि चालत आले. बबनरावांचं मनगट धरलं आणि पिरगाळलं, हाड करकरेपर्यंत. बबनराव गुडघ्यावर आले तरी सोडलं नाही.

"वीणा खाली ठेवली तुम्ही," बबनराव कण्हत म्हणाले. "सप्ताह बुडवला गावाचा."

"तो कवाचाच बुडला होता, बबन," अण्णाजी म्हणाले. "आपल्याले आज दिसला."

त्या दिवशी कीर्तन उभं राहिलं नाही. दह्याची हंडी दोरीला तशीच लटकत राहिली. मोहिनीनं पदरानं भुवई दाबली, सासूला उठवलं, आणि सिंदी मेघेला न्यायला फाटकाशी ऑटो बोलावला. धुरपताबाई एकदाच मागं वळून म्हणाली, घरी म्हैस बांधली आहे. म्हैस पाहतो आम्ही, तू जा, असं तिला सांगण्यात आलं.

ऑटो येईपर्यंत लीलाबाईनं धुरपताबाईला देवळाच्या नळावर नेलं. आधी तिचं मनगट राखेनं घासून धुतलं, मग स्वतःचं. मागं बायकांची रांग लागली. अर्धा तास नळ बंद झाला नाही.

झाली गोष्ट. आता आरतीला उभे राहा, मायबापहो. आणि पुढल्या कीर्तनात, खांब मोकळा असूनही पाठ न टेकता बसलेली एखादी बाई दिसली, तर आमच्या धुरपताबाईची आठवण ठेवा.