अमेरिकेची भाकर

१९७३ च्या उन्हाळ्यात रंगनाथ अमेरिकेहून पारनेरला आला, तो आईला कायमचं घेऊन जायचं ठरवूनच. टेक्सासात त्याचा धान्याचा व्यापार जोरात होता, घर मोठं होतं, फक्त त्या घरात मराठी बोलायला कुणी नव्हतं. इकडं दुष्काळानं विहिरी आटलेल्या, त्यामुळे या खेपेला आईही निम्मी तयार झाली होती.

पहिल्याच जेवणाला त्याच्या ताटात लालसर भाकरी आली. शेजारच्या छबूबाई आपल्या नातीला घेऊन पंगतीला बसल्या होत्या.

"खा की रंगनाथ, लाजतोस काय? तुज्याच अमेरिकेची ज्वारी हाय. मिलो म्हन्त्यात. रेशनवर आली म्हनून गाव तगलं."

आईनं तोंड वाकडं केलं. "माज्या तर घशाखाली उतरत न्हाई. तिकडची मानसं रोज हीच खात असतील, तर मी काय येत न्हाई बाबा. खरं सांग, रंगा."

रंगनाथ तिकडं हाच मिलो विकत होता आणि त्याची सगळी गिऱ्हाइकं गोठेवाली होती. तिकडं हा मिलो माणसं नाही, ढोरं खातात, एवढं सांगितलं असतं की आईनं हात धुऊन बोचकं बांधायला घेतलं असतं. त्यानं समोर पाहिलं. छबूबाईंची नात ताटात सांडलेला भाकरीचा चुरा बोटानं वेचून खात होती.

 

"व्हय आये," घास गिळत तो म्हणाला, "रोज हीच. आन् लई आवडीनं."