पहिला पेला

खालच्या वाडीतल्या शेवंताबाईंनी पेला पुढे केला, पण उर्मिलाचा हात काही वर येईना.

रंगकारखान्याचं सांडपाणी करवंटीच्या कोळशातून गाळलं जाई. ते नदीत सोडण्याआधी पहिला पेला मॅनेजरने प्यायचा, तोही खालच्या वाडीतल्या माणसासमोर, असा कायदाच होता. मॅनेजर उर्मिला वर्षभर तो बिनधास्त पीत आली होती.

"पाणी खराब हाय काय, मॅडम?"

"नाही, तपासणीत चांगलं आलंय." उर्मिला अडखळली. "मला दिवस गेलेत, मावशी. कालच कळलं."

शेवंताबाईंचा चेहरा फुलला. "मग घाबरतेस कशाला? माझी सून पोटुशी हाय, ती रोज नदीचं हेच पाणी पिते. काय होत नाय."

धीर द्यायलाच त्या बोलल्या होत्या. उर्मिलाला मात्र त्यांच्याकडे बघवेना. तिने पेला घेऊन तसाच खाली ठेवला आणि ऑपरेटरला फोन लावला.

"नदीत पाणी सोडायचं दार उघडू नका. कोळसा आजच बदला."

"मॅडम, अजून महिनाभर चालेल तो. आज बदलायचा तर कारखाना बंद ठेवावा लागेल."

"राहू दे बंद."

संध्याकाळी नव्या कोळशातून पाणी उतरलं. उर्मिलाने क्षणभर पोटावर हात ठेवला, शेवंताबाईंसमोर पेला तोंडाला लावला आणि सगळा संपवला. मगच तिने दार उघडायला सांगितलं.