चौघं आहोत

"आई, ती मी नव्हेच, हे तुला कळलं कधी?"

मैत्रिणींनी पैज लावली होती. विचारून दाखव, नाहीतर फुशारक्या बंद. मधल्या सुट्टीत ठमीची ती गोष्ट सात वेळा सांगून झाली होती: आम्ही फिरायला गेलो, डोंगर खचला, हॉटेलचा खालचा मजला चिखलात गडप, सगळे गच्चीवर, शिडी लावून लोकांना ट्रकमध्ये उतरवलं, आमच्या घरचे गेले आणि मी राहिले! आईने दुसऱ्याच मुलीला मी समजून नेलं! मी दोन तासांनी पुढच्या ट्रकने! दर खेपेला चिखल वीतभर वाढायचा. आज कुणीतरी मध्येच म्हणालं, "पण आईला कळलं कसं नाही?" आणि तिथेच पैज लागली.

आई जेवणाच्या टेबलाशी दुसरीच्या वर्गाच्या वह्या तपासत होती. परत आल्यापासून तीन आठवडे ती अशीच होती. विचारलं की उत्तर द्यायची, वाढलं की जेवायची. बाबा खिडकीपाशी धाकट्याच्या शर्टाला बटण लावत होते.

"ठमे, गप बस," ते म्हणाले.

"असू दे." आईने लाल पेनाला टोपण लावलं. "नळापाशी कळलं. खालच्या शाळेत उतरवलं ना आम्हाला, तिथे."

"तोपर्यंत नाहीच?"

"अंधारून आलेलं. सगळे चिखलाने माखलेले. बाबा पुढे ड्रायव्हरशेजारी दिसत होते. मागे मी वर्गाच्या सहलीत मोजते तसं डोक्यांना हात लावून मोजलं. हा धाकटा, ही तू. मी ओरडून सांगितलं, चौघं आहोत, चला."

हजेरी घेताना असतो तसा आवाज. वर नाही, खाली नाही.

"अगं, पण ती काही बोलली नाही? मी तुमची नाही म्हणून?"

"मी विचारलं, ठमे, आहेस ना गं? ती म्हणाली, ओ."

ठमीला हसू यायला हवं होतं. असलं नाव दुसऱ्या कुणाचं असणं शक्यच नव्हतं. हसू आलं नाही.

"वाटभर मला बिलगून होती. मी म्हणत होते, झालं हं, पोहोचलोच."

"मग?"

"मग नळाखाली तिचं तोंड धुतलं. बाहीने पुसलं. तू नव्हतीस."

बाबांची सुई शर्टातच थांबली.

"मी तिचा हात सोडला आणि ट्रककडे पळाले."

"तिचं नाव काय?"

"नाही विचारलं."

"तिचे आईबाबा?"

"नाही विचारलं. नंतर तू आलीस. मग मी नळाकडे पाहिलंसुद्धा नाही."

"पोटची पोर वर राहिली होती तुझी," बाबा म्हणाले. "कुणीही पळालं असतं."

"हो," आई म्हणाली. तिने टोपण काढलं, पुढची वही उघडली आणि कोऱ्या पानावर बरोबरची खूण केली. पान उलटलं. तेही कोरं. तिथेही केली.

पैज जिंकली होती. पण हे काही मधल्या सुट्टीत सांगण्यासारखं नव्हतं.

ठमीने आईच्या हाताखालून वही ओढून घेतली.

"मी रविवारी त्या शाळेत जाणार आहे."

"वेड लागलंय का?" बाबा उठलेच. "रस्ता अजून धड झालेला नाही. ना नाव, ना गाव. विचारणार काय लोकांना?"

"पहिल्या ट्रकमधून उतरलेली, नळापाशी एकटी राहिलेली, माझ्याएवढी मुलगी कुणी पाहिली का? शिपाई असेल, शिक्षक असतील, याद्या असतील. नाहीच कळलं तर पुढच्या शाळेत विचारीन." तिला एका दमात एवढं बोलून धाप लागली. "बाबा, तुम्ही धाकट्याला सांभाळा. आई, तिचं धुतलेलं तोंड फक्त तू पाहिलंयस. तू माझ्याबरोबर येणार आहेस."