टांगणीला

“नुसती दिसायला सुंदर नकोत, बाबा,” ओब्दुलिया म्हणाली. “ज्यांच्यावर चुपारोसा येतेच येते, अशीच द्या.”

मेक्सिकोतल्या आत्लिस्को गावच्या रोपवाटिकेचा म्हातारा मालक इलारियो याने का म्हणून विचारलं नाही. त्या डोंगराळ मुलखात ‘चुपारोसा’ म्हणजे हमिंगबर्ड, आणि कुठल्याही बाईने मुद्दाम त्याची चौकशी केली की कारण एकच असतं. ज्याचं प्रेत घरच्यांना दिसलं नाही, असा मेलेला माणूस वर्षाच्या आत एकदा चुपारोसा होऊन आपल्या दारी येतो. टांगलेल्या फुलातला मध पितो आणि जातो. मग घरचे काळे कपडे घालतात, चर्चची घंटा वाजवतात. वर्षभरात आलाच नाही, तर तो कुठेतरी जिवंत आहे असं समजायचं.

“कोण गं तुझं?” इलारियोने हळूच विचारलं.

“नवरा. फर्मीन. उत्तरेला, अमेरिकेत कामाला गेला. पत्र नाही, फोन नाही. येत्या चौदाला वर्ष होईल.”

“आणि इतके दिवस?”

“इतके दिवस दारात फूलच नव्हतं. नुसतं निवडुंग. येणारी तरी कशी येईल?”

तिने भरगच्च जिरेनियमच्या कुंडीला हात घातला, तसा इलारियोने तो बाजूला केला. जिरेनियम पाहुण्यांसाठी, म्हणाला, चुपारोसा त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. दुहेरी पाकळ्यांची पेटुनिया म्हणजे नुसता झालरींचा घोळ, चोच शिरायची कुठून? चुपारोसाला वासाशी देणंघेणं नाही. लाल रंग आणि खोल गळा, एवढंच ती बघते. शेवटी त्याने तारेच्या टोपलीत कडेने फ्युशिया लावली, कानातल्या डुलांसारखी खाली लोंबणारी, आणि मधोमध सिगारेटफुलाचं झुडूप. त्याच्या बारीक लाल नळ्यांच्या टोकाला राख धरल्यासारखी पांढरी कड होती.

“सकाळचं ऊन मिळू दे, दुपारची सावली. भोवती जागा मोकळी ठेव, तिला हवेत उभं राहायला लागते.”

“आणि एवढं करूनही नाही आली तर?”

“तर मेणबत्त्या लाव, पोरी. नवरा जिवंत आहे.”

ओब्दुलियाचं तोंड पांढरंफटक पडलं. बिचारी, इलारियोला वाटलं, दुःख एक वेळ सोसतं माणूस, आशा सोसवत नाही. तिने टोपली उजव्या हाताने उचलली. डाव्या हाताची दोन बोटं सरळ होत नव्हती.

“दारात सापडली होती,” तो काही विचारायच्या आतच ती म्हणाली.

घरी सासूने, कासिल्दाने, टोपली बघून कपाळावर हात मारला. “मरण आणून टांगलंस दाराला.”

“वर्षभर जीव टांगणीला लागलाय, आई. आता टोपलीच टांगते. काय ते कळू दे एकदाचं.”

आळीतल्या बायकांनी मात्र तिचं कौतुकच केलं. नवऱ्याच्या मरणाची खबर स्वतःहून मागायला काळीज लागतं. दाराआडच्या खिळ्याला फर्मीनचा पट्टा तो गेला त्या दिवसापासून तसाच होता, तिने हातही लावला नव्हता. तेही सगळ्या तिच्या बाजूने मोजत. कासिल्दाची एकच कुरकूर असे, चटणीची. फर्मीन गेला त्याच सुमारास घरचा वरवंटाही हरवला. पाटा भिंतीला टेकून उभा, आणि चटणी मिक्सरमध्ये.

“वरवंट्याला काय पाय फुटतात?” म्हातारी रोज म्हणे आणि पचपचीत चटणी पानात ढकले.

दहा दिवस उरले होते. ओब्दुलिया सकाळपासून उंबऱ्यावर बसे, तव्यावरच्या रोट्या करपत. मधमाश्या आल्या, एक फुलपाखरू आलं. गल्लीपलीकडे चाबेलाच्या कुंपणावरच्या वेलीला मात्र चुपारोसा दिवसातून चारदा येई. फुलासमोर हवेत थरथरत उभी राही, आणि भुर्रकन निघून जाई. ती गल्ली ओलांडून यायची नाही. ओब्दुलियाने सुकलेली फुलं खुडली, टोपली वीतभर खाली घेतली. रस्त्यावर पुरुषाचं पाऊल वाजलं की तिला धडकी भरे. घळीच्या कड्यावर उघडणारं मागचं दार तर वर्षभर बंदच होतं.

दोघी कुमारी मातेच्या एकाच तसबिरीपुढे गुडघे टेकत. कासिल्दा मोठ्याने मागणं मागे, चुपारोसा येऊ नये म्हणून. ओब्दुलियाचे नुसते ओठ हलत.

चौदा तारीख आली. ओब्दुलियाने पाणीसुद्धा घेतलं नाही. दुपार झाली, ऊन उतरलं. एकदा लाल फुलांपाशी काहीतरी फडफडलं, आणि ती ताडकन उठली. पतंग होता.

सूर्य डोंगराआड गेला. अंधारात चुपारोसा उडत नाही, हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. कासिल्दाने छातीवर क्रूस काढला आणि रडत रडत हसायला लागली. ओब्दुलिया मटकन खाली बसली. 

“रड, पोरी, पोटभर रड,” सासू तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. “जिवंत आहे माझा फर्मीन. आज ना उद्या या दारात उभा राहतो की नाही बघ. लहानपणापासून असाच आहे तो, काही म्हणजे काही विसरत नाही.”

मग ती लगबगीने चाबेलाकडे जाऊन आली. लेकासाठी मोले, त्याचा तो मिरच्यांचा दाट रस्सा, करायचा, तर मसाला पाट्यावरच वाटायला हवा. येताना तिने शेजारणीचा वरवंटा मागून आणला होता. तो तिने सुनेच्या हातात दिला.

ओब्दुलियाने तो दोन्ही हातांनी धरला. वजन ओळखीचं होतं. तिची नजर खिळ्यावरच्या पट्ट्याकडे गेली, तिथून मागच्या दाराच्या कडीकडे.

गेल्या वर्षी त्या दारात तिने फर्मीनच्या डोक्यात एकच घाव घातला होता, आणि घळीत पडल्यावर तो हलतोय का, हे बघायला ती थांबली नव्हती.