कारणाचा रकाना

"ताप, ताप, ताप, परत ताप." शाळेच्या कारकूनबाई एकेक चिठ्ठी टेबलावर ठेवत गेल्या. "अकरा चिठ्ठ्या, सत्तावीस दिवस. अहो, एवढ्या तापात मुलगी उभी तरी कशी राहिली?"

शिंप्याच्या गळ्यात मापाची टेप तशीच होती. शाळेतून फोन आला तसा तो दुकान उघडं टाकून धावला होता. शेजारी दहावीतली लेक मान खाली घालून बसली होती. परीक्षेला बसणाऱ्यांच्या यादीवर चार वाजता सही व्हायची होती, आणि पावणेचार वाजून गेले होते.

"चिठ्ठी दिली की झालं, असं वाटलं मला," तो म्हणाला.

"वर्षात दहा दिवसांच्या वर आजारपण गेलं की डॉक्टरांचा दाखला लागतो. नाहीतर ती विनापरवानगी गैरहजेरी. यंदा आजवर शाळा भरली चौऱ्याऐंशी दिवस, हिची हजेरी भरते अडुसष्ट टक्के, पाहिजे पंचाहत्तर. नाव कसं घालू यादीत?"

शिंप्यानं टेबलावरच्या आपल्याच अक्षरातल्या चिठ्ठ्यांकडे पाहिलं. आपल्या थापांपायी पोरीचं वर्ष जाणार होतं. आणि थापा तरी कसल्या, मेल्या धड वेगवेगळ्याही सुचल्या नव्हत्या.

बाईंनी आवाज खाली आणला. "घरी कुणी आजारी होतं का? घरात गंभीर आजार असेल तर ते दिवस माफ होतात. दाखला उद्या आणा, अर्ज मात्र आत्ता भरा."

"हिच्या आईला जरा अशक्तपणा आहे," तो घाईघाईनं म्हणाला. चार महिने घरात हाच शब्द चालला होता.

"अशक्तपणा चालत नाही हो. आजाराचं नाव लिहावं लागेल."

त्यानं लेकीचं नाव, इयत्ता, तुकडी लिहिली. कारणाच्या रकान्यापाशी पेन अडलं.

"तू जरा बाहेर थांबतेस का, बाळा?" तो लेकीला म्हणाला.

ती उठली नाही. तिनं त्याच्या हातून पेन घेतलं आणि आजाराचं नाव लिहिलं. तो कितव्या टप्प्यावर आहे, तेही लिहिलं.

शिंपी कागदाकडे बघत राहिला. "तुला कुणी सांगितलं?"

"आईनंच." तिनं अर्ज बाईंकडे सरकवला. "तुला सांगितलंय ते बाबांना कळू देऊ नकोस, म्हणाली. तुला काही माहीत नाही असं त्यांना वाटतंय, तेवढाच त्यांना आधार आहे."