थंडीआधीची तपासणी

जूनची थंडी यायच्या आधी न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला, आमच्या इन्व्हरकार्गिलात हीटरवाल्यांना जेवायची सवड नसते. तरी बाकीच्या घरमालकांमागे तपासणीसाठी मलाच फिरावं लागतं. डगलस मात्र स्वतः फोन करून बोलावतो. आजही त्यानं भाड्यानं दिलेल्या घरात स्वतः समोर उभं राहून काम करून घेतलं. हीटरची जाळी धुवून घेतली, बैठकीची खोली नीट तापते का ते पाहिलं, आणि छताखालचं थंडी अडवणारं लोकरीचं अस्तर तर वर चढून स्वतः चाचपलं.

"भाडेकरूंचं बाळ लहान आहे," तो म्हणाला. "त्याला गारठा लागायला नको. शिवाय भाड्याचं घर गरम ठेवायचं, असा कायदाच आहे. उद्या तक्रार केली तर मी मेलोच!"

असा मालक लाखात एक, असं मी मनात म्हटलं.

मागच्या अंगणात पत्र्याची एक खोली आहे. तिथून त्याची म्हातारी आई आयलीन माझ्यासाठी चहा घेऊन आली. अंगात दोन स्वेटर, वर नवऱ्याचा जुना कोट.

"डगी, हा आलाच आहे तर माझ्याही खोलीत एखादा हीटर लावून घ्यायचा का रे? रात्रभर पाय गार पडतात."

मी पेटीत भरलेली हत्यारं परत काढायला वाकलो.

डगलसनं हसून तिच्या खांद्यावर हात टाकला.

"अगं, तो कायदा भाडेकरूंसाठी आहे. तू काय भाडेकरू आहेस? तू तर घरची!"